खुर्चीची गवसणी

मराठींत आच्छादनवाचक शब्दांची वाण नाहीं. उशीला अभ्रा असतो, गादीला खोळ असते, पलंगावर पलंगपोस असतो, पोथीला बासन असतें, तलवारीला म्यान असतें आणि तंबोऱ्याला गवसणी असते. वरवर पाहतां हे सारे शब्द एकाच जातीचे वाटतात. परंतु ज्यानें ह्यांपैकीं एखादी वस्तु स्वतःच्या हातानें शिवली आहे त्यास त्यांतील भेद चटकन् उमगतो. अभ्रा म्हणजे तीन बाजूंनीं शिवलेली पिशवी. तिला आंतल्या वस्तूच्या आकाराशीं फारसें कर्तव्य नसतें. उशी लठ्ठ असो कीं रोडावलेली असो, अभ्रा तिला पोटांत घेतोच. बासन तर बोलूनचालून चौकोनी फडकें. गवसणीचें तसें नाहीं. भोंपळ्याचा फुगार, दांडीची लांबी, खुंट्यांचा अडथळा ह्या सर्वांचा मान राखून तिला अंगासरशी बसावें लागतें. अशक्य कामास ‘आकाशाला गवसणी घालणें’ असें म्हणतात तें ह्याचमुळें असावें. आकाशावर चादर टाकणें एक वेळ जमेल. पण गवसणी घालावयाची म्हणजे आकाशाचें माप घेणें आलें.

मिरज आमच्या सांगलीच्या अगदीं शेजारीं. तेथील सतार व तंबोरा ह्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें पुष्कळांच्या वाचनांत आलें असेल. त्या वाद्यांच्या दुकानांवरून मी वर्षानुवर्षें जात-येत आहें. पण गेल्या चैत्रांत एका दुकानासमोर थांबून, खुंटीला लटकलेल्या गवसणीची शिवण कोठून निघते व कोठें जाऊन मिळते, हें मी बराच वेळ न्याहाळीत होतों. दुकानदारास मी गवई वाटलों असेन. वास्तविक मला गवसणी घालावयाची होती ती एका खुर्चीला.

खुर्ची म्हटल्याबरोबर वेताच्या विणीची, लांब हातांची, वामकुक्षीसाठीं ओसरीवर ठेवतात ती खुर्ची वाचकांच्या डोळ्यांपुढें येईल. आमची ती नव्हे. ही बसक्या बांध्याची, सागवानी सांगाड्याची, बैठकींत स्प्रिंगा व त्यांवर काथ्या आणि कापूस भरलेली, पाठीला गादी असलेली आणि दोन्ही हातांना पुढून वाटोळें वळण दिलेली अशी आहे. ती माझ्या सासऱ्यांची. ते वकिली करीत, आणि कोर्टाचे कागद मेजावर न वाचतां ह्या खुर्चींत बसून वाचीत. त्यांच्या पश्चात् माझ्या पत्नीनें माहेराहून एवढी एकच वस्तु मागून घेतली. मूळचें कापड केव्हांच विरलें. वीस वर्षांपूर्वीं तिच्यावर रेक्झिन चढलें, आणि आतां त्यासही जागोजाग भेगा पडल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वीं पत्नीस पक्षाघाताचा झटका आला. उपचार वेळीं झाले. वाचा जवळजवळ पूर्ववत् झाली, पाय काठीच्या आधारानें चालूं लागले. उजवा हात मात्र अजून तिच्या आज्ञेंत नाहीं. ज्या हातानें घरांतील सर्वांचे सदरे, परकर, झबलीं, दुपटीं शिवलीं तोच नेमका रुसून बसला. दिवसाचा बहुतेक काळ ती ह्या खुर्चींत असते. पुण्यास असलेले आमचे चिरंजीव प्रेमानें म्हणाले, “नाना, ही जुनी खुर्ची आतां काढून टाका. आईसाठीं मी चांगली मऊ, पाय लांब करतां येतील अशी नवी पाठवितों.” मुलाचा हेतु उत्तम, आणि तशा खुर्च्या सुखाच्या असतात ह्यांतही शंका नाहीं. परंतु एका आप्ताच्या घरीं ती तशा मऊ खुर्चींत बसली होती, तेव्हां तिला उठविण्यास दोघे लागले होते. मऊ खुर्ची माणसाला घेते लवकर, पण सोडीत नाहीं.

आमच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून १७ इंच आहे आणि हात बैठकीपासून ८ इंच उंच आहेत. हे आंकडे मला आतां गायत्रीइतके पाठ आहेत. डाव्या हाताचा तळवा खुर्चीच्या हातावर रोंवून, अंग किंचित् पुढें झुकवून, ती स्वतःच्या बळावर उठते. दिवसांतून दहा-बारा वेळां ती कोणाचेंही नांव न घेतां उठते. पक्षाघातानें तिचें जें नेलें त्यांतील हें एवढेंच तिनें पुरतें परत मिळविलें आहे. तेव्हां खुर्ची टाकण्याचा विचारच नको.

अडचण होती ती रेक्झिनची. सांगलीचा उन्हाळा, आणि त्यांत घटका-घटका एका जागीं बसणारें माणूस. अंगास घाम सुटतो, भेगांच्या कडा टोंचतात, कातडी लाल होते. म्हणून वर चादर पसरीत असूं. पण गुळगुळीत रेक्झिनवर सुती चादर म्हणजे शेवाळावरचें पाऊल. उठतांना ती हाताखालून सरकली. एकदां नव्हे, दोनदां. दोन्ही वेळां पत्नी मागें खुर्चींतच बसली म्हणून निभावलें. त्यानंतर ती उठण्यापूर्वीं हांक मारूं लागली. जिनें चाळीस वर्षांच्या संसारांत पाण्याचा पेलाही कधीं मागितला नव्हता तिनें, “अहो, जरा येतां का?” असें विचारावें, आणि तें इतक्या हलक्या आवाजांत कीं आपण कोणाची तरी झोंप मोडीत आहों असें तिला वाटत असावें, हें ऐकणें मला जड जाऊं लागलें.

एका कारागिरास बोलावून विचारलें. त्यानें पुनः रेक्झिनच घालावें असा आग्रह धरला. अंगावर नीट बसणारी, काढून धुतां येणारी कापडी गवसणी शिवण्यास तो तयार होईना. “त्यांत वेळ फार जातो आणि गिऱ्हाईक पैसे देत नाहीं,” हें त्याचें म्हणणें आणि तें खरेंही असेल. तो गेल्यावर पत्नी म्हणाली, “अहो, मी सांगेन तसें कराल का?” जन्मभर हा प्रश्न मीं इतरांस विचारला होता. मी ‘हो’ म्हणालों, आणि त्या दिवसापासून आमच्या घरांत शाळा भरूं लागली.

कापड निवडण्यांत तिनें दोन दिवस घेतले. रेशमी नको, कारण तें निसटतें. मखमल नको, कारण ती तापते. कृत्रिम धाग्याचें नको, कारण तें घाम शोषीत नाहीं. शेवटीं इचलकरंजीच्या मागावरचें जाड सुती कापड, ५४ इंच पन्ह्याचें, फिक्या मातकट रंगाचें, पांच मीटर आणलें. विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग चालू केला. त्या एका मागाचा वंश आतां केवढा विस्तारला आहे हें त्या गांवांत पाऊल टाकतांच कानांना कळतें. कापडावर नक्षी नको असें तिनें बजावलें होतें. नक्षी असली म्हणजे पाठीवरचें फूल बैठकीवरच्या फुलाशीं जुळवावें लागतें, आणि त्यांत कापड फुकट जातें. पहिलें काम साध्या कापडावर करावें, हा तिचा दंडक.

कोरें कापड शिवावयाचें नाहीं, हा दुसरा दंडक. सुती कापड पहिल्या धुण्यांत आटतें. आधीं शिवून मग धुतलें तर गवसणी खुर्चीवर चढणार नाहीं. म्हणून तें रात्रभर पाण्यांत भिजवून, न पिळतां निथळवून, सावलींत वाळविलें. वाळल्यावर मोजलें तों पांच मीटरांचें चार मीटर ऐंशी सेंटिमीटर भरलें. ती म्हणाली, “हें आतांच गेलें तें बरें झालें.”

मापांची गोष्ट जरा विस्तारानें सांगतों. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानें मीटर आला आणि दुकानदार कापड मीटरनें मोजूं लागला. परंतु शिवणाऱ्या बायकांच्या जगांत इंचाचें राज्य अद्याप अबाधित आहे. फितीच्या एका अंगाला सेंटिमीटर व दुसऱ्या अंगाला इंच असतात. तिनें फीत माझ्या हातीं दिली ती इंचाचें अंग वर करून. मागच्या बाजूनें खालपासून पाठीच्या माथ्यापर्यंत किती, माथ्यावरून पुढें बैठकीपर्यंत किती, बैठकीची खोली किती, पुढची उतरण किती, हातावरून आंत किती व बाहेर किती, अशीं चौदा मापें एका कागदावर मांडलीं. कागद पुरा होतांच तिनें डाव्या हाताचें बोट एकेका आंकड्यावर ठेवून सांगितलें, “आतां ह्यांत माया घाला.”

शिवणीच्या आंत जें अधिक कापड राखून ठेवतात त्यास माया म्हणतात, हें ज्या घरांत शिवणयंत्र आहे तेथील प्रत्येक भगिनीस ठाऊक आहे. माझा ह्या शब्दाशीं परिचय वेगळ्या वाटेनें झालेला. वेदान्तांत ब्रह्मावर आवरण घालते ती माया. लेकरावर आईची असते ती माया. आणि कोणी नोकरींत अंमळ अधिक पैसा जोडला तर त्यासही लोक डोळा मिचकावून मायाच म्हणतात. शिंप्याची माया ह्यांत कोठें बसते? विचार करतां मला असें वाटलें कीं, ती सर्वांत मूळचा अर्थ धरून आहे. ‘मा’ म्हणजे मोजणें ह्या धातूपासून हा शब्द साधतात. मान, माप, मात्रा, प्रमाण हीं सारीं त्याचीं भावंडें. तेव्हां मापाच्या कागदावर माया ही परकी पाहुणी नव्हे. शिवाय ती आंत असते, बाहेरून दिसत नाहीं, आणि तिच्यावांचून दोन तुकडे एकत्र राहत नाहींत. मापाबरहुकूम कापून अगदीं कडेला शिवलेलें कापड पहिल्याच ओढीला धाग्याधाग्यानें सुटतें.

पण किती माया? सरळ शिवणीला पाऊण इंच पुरे. पाठीच्या वरच्या वळणाला एक इंच. आणि जेथें बैठक पाठीला मिळते व बाजूंनीं हातांना मिळते त्या खांचेंत चांगली पांच इंच! हा शेवटचा आंकडा ऐकून मी तिच्याकडे पाहतच राहिलों. ती म्हणाली, “माणूस बसलें कीं स्प्रिंगा दबतात. बैठक दोन-अडीच इंच खालीं जाते. तेवढें कापड कोठून येणार?” खरेंच, तें कापड खांचेंत खोंचून ठेवलें असेल तर गवसणी बसणाऱ्याबरोबर खालीं जाते आणि तो उठला कीं पुनः वर येते. तें नसेल तर एक तर शिवण उसवेल, किंवा सारी गवसणी पुढें ओढली जाईल. म्हणजे चादरीचेंच संकट पुनः दारांत. अंगासरशी बसणें निराळें आणि आवळून बसणें निराळें. आवळून बसणारी गवसणी दिसावयास दोन दिवस सुबक दिसते. त्यानंतर ती खुर्चीला तरी फाडते किंवा आपण तरी फाटते.

शिवणयंत्र घरीं होतेंच, पायानें चालणारें. यंत्राची सुई हातसुईहून उलट्या स्वभावाची असते. हातसुईचें नेढें टोंकाच्या विरुद्ध बाजूस असतें. यंत्राच्या सुईचें नेढें टोंकाशींच. वरचा दोरा ह्या नेढ्यांतून खालीं जातो आणि खालच्या दोऱ्याशीं गुंतून परत वर येतो. अशा सुईच्या व दुहेरी टांक्याच्या यंत्राचें पेटंट अमेरिकेंत एलायस हो यानें १८४६ सालीं घेतलें. पुढें १८५१ सालीं सिंगरचें यंत्र निघालें आणि तें जगाच्या घराघरांत शिरलें. हा इतिहास मीं तिला सांगितला. तिनें तो शांतपणें ऐकून घेतला आणि शाळेची एक दुरेघी वही मागितली. सुईंत दोरा न ओंवतां वहीच्या रेघेवरून यंत्र चालवावयाचें. भोंकें रेघेवर पडलीं पाहिजेत. पुढें दुरेघींत, पुढें कोंपऱ्यावर वळून, पुढें पेन्सिलीनें काढलेल्या वाटोळ्या रेघेवर. तीन दिवसांत दोन वह्यांची चाळण झाली. ती भोंकें प्रकाशाकडे धरून तपाशी आणि पानाच्या कोंपऱ्यांत डाव्या हातानें बरोबरची खूण करी. खुणा वांकड्या होत्या, पण आजारानंतर तिनें पेन्सिल हातीं धरली ती त्या दिवशीं प्रथम.

मधल्या काळांत शेजारचे एक सद्गृहस्थ डोकावले. मला यंत्रावर पाहून म्हणाले, “मास्तर, हें काय बायकी काम आरंभिलें?” मीं त्यांस बसावयास सांगून अमरकोश काढला. शिवणाऱ्याला अमरसिंहानें तुन्नवाय आणि सौचिक अशीं दोन नांवें दिलीं आहेत, आणि दोन्हीं पुल्लिंगी आहेत. संत नामदेव शिंप्याच्या कुळांतले. बाजारांत आजही कोटाला माप घेणारा पुरुषच असतो. सुई बायकी होते ती केवळ घरांत, जेथें तिला मजुरी मिळत नाहीं तेथें. गृहस्थ हंसले, चहा घेऊन गेले. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आपल्या घरची एक धारदार कात्री पाठवून दिली.

खऱ्या कापडास कात्री लावण्यापूर्वीं एका जुन्या धोतराचा खाका केला. खाका उलट बाजू वर करून खुर्चीवर पसरावयाचा, बैठकीच्या व पाठीच्या मध्यावर खडूनें उभी रेघ ओढावयाची, आणि मध्यापासून दोन्ही बाजूंकडे सपाट करीत टांचण्या लावीत जावयाचें. कडेकडून आरंभ केला तर मध्यें फुगा राहतो. आणि सर्वांत मुख्य म्हणजे कापडाचा उभा धागा खुर्चीच्या मध्यरेषेशीं सरळ राहिला पाहिजे. तो तिरपा झाला कीं कापड वजनाखालीं ताणतें आणि चार दिवसांत गवसणी एका अंगाला ओघळते.

उभ्या-आडव्या धाग्यांची ही चर्चा चालली असतां मला अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडांतील आसन्दी आठवली. व्रात्य वर्षभर उभा राहिलेला असतो. देव त्याला विचारतात, बाबा, तूं उभा कां? तो म्हणतो, मला आसन्दी आणा. मग देव त्याच्यासाठीं जी आसन्दी आणतात तिचें वर्णन आहे. ऋतु हे तिचे पाय. बृहत्, रथंतर इत्यादि सामें ह्या तिच्या दांड्या. ऋचा हे तिचे उभे तंतु आणि यजुर्मंत्र हे आडवे. वेद हें तिच्यावरचें आस्तरण आणि ब्रह्म ही उशी. इतक्या प्राचीन काळीं खुर्चीचें वर्णन करणाऱ्यानें पाय व दांड्या सांगून थांबावें ना! पण तंतु कोणते उभे व कोणते आडवे हें सांगितल्यावांचून त्याला चैन पडलें नाहीं. हें सारें ऐकून पत्नी म्हणाली, “त्या ऋषीच्या घरीं कोणी तरी शिवणारी असली पाहिजे.” भाष्यकारांना हें सुचलें नाहीं एवढें खरें.

कापणीचा दिवस साडेसाती संपण्याचा असावा तसा गंभीर होता. खाक्याचे नऊ तुकडे कापडावर मांडून, प्रत्येकावर उभ्या धाग्याचा बाण काढून, माया मोजून, मग कात्री चालविली. त्यानंतर कच्चे टांके. हातसुईनें लांब लांब धांवदोरा घालून सारे तुकडे जोडावयाचे, उलट बाजूनेंच खुर्चीवर चढवून पाहावयाचें, जेथें चुणी पडते तेथें चिमटा घ्यावयाचा, जेथें ताण पडतो तेथें दोरा सोडवावयाचा. आणि सर्व मनासारखें झाल्यावर मग यंत्रावर पक्की टीप. शिवणाऱ्यांची ही रीति मला फार शहाणपणाची वाटली. पक्का टांका घालण्यापूर्वीं कच्चा घालून पाहावा, अशी सोय फार थोड्या धंद्यांत आहे. ह्याच कामीं चौथ्या दिवशीं पाठीच्या वरच्या कोंपऱ्याशीं माझें बोट पोहोंचण्यापूर्वींच एक टांचणी तेथें बसली. तिनें ती डाव्या हातानें लावली होती. त्यावर आम्हीं दोघांनींही कांहीं बोलणें केलें नाहीं. पुढच्या टांचण्यांची डबी मात्र मीं तिच्या मांडीवर ठेवली.

सर्वांत कठीण भाग म्हणजे खुर्चीच्या हातांचीं वाटोळीं तोंडें. सपाट कापड वळणावर बसावयाचें तर मायेला दर अर्ध्या इंचावर कात्रीनें काप द्यावे लागतात, आणि ते शिवणीच्या अगदीं जवळ जाऊन थांबले पाहिजेत. अलीकडे थांबले तर कापड गोळा होतें, पलीकडे गेले तर भोंक पडतें. ह्या वळणाच्या शिवणींत मगजी घालावयाची होती. मगजीची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या कोंपऱ्याकडून कोंपऱ्याकडे तिरपी कापलेली, दीड इंच रुंद घेतात. तिच्या पोटांत सुती दोरी घालून ती दुमडतात. तिरपें कापड ताणतें हा जो दोष मघां सांगितला तोच येथें गुण होतो, कारण ताणणारी पट्टीच वळणावर सुरकुती न पडतां वळते. मगजी मला आधीं निवळ शोभेची वाटत होती. पत्नीचें म्हणणें असें कीं, हाताच्या पुढच्या कडेवर तळवा घासतो, कापड तेथें पहिल्यानें विरतें. मगजी ती झीज आपल्या अंगावर घेते. शिवाय बोटांना तिची कड लागते, म्हणजे न पाहतां हात कोठें ठेवावा हें कळतें.

बैठकीवर मात्र तिनें एकही शिवण येऊं दिली नाहीं. बैठकीचें व पुढच्या उतरणीचें कापड एकाच लांब तुकड्याचें घेतलें. दिवसभर बसणाऱ्याच्या अंगाखालीं शिवणीचा दोरासुद्धां काट्यासारखा होतो. बाहेरच्या शिंप्यानें इतका विचार केला असता कीं नाहीं कोण जाणे.

खांचेंत खोंचलेलें कापड उठतां-बसतां वर येऊं नये म्हणून कांहीं तरी जड वस्तु त्या घडींत घालून ठेवतात. माझ्याजवळ शाळेंतील दोन गोल लांकडी रूळ होते. रेघा मारण्यासाठीं घेतलेले. त्यांचा दुसराही कांहीं उपयोग वर्गांत होत असे, पण तो काळ गेला आणि गेला तो चांगलाच झाला. ते दोन रूळ कापडांत गुंडाळून पाठीमागच्या खांचेंत खोल दाबून बसविले. बैठकीच्या गादीच्या मागें ते इतके खालीं जातात कीं बसणाऱ्यास त्यांचा स्पर्श होत नाहीं. खालच्या बाजूला चारही पायांजवळ नाड्या लावून त्या खुर्चीच्या पोटाखालीं आडव्या बांधल्या, आणि मागच्या एका कोंपऱ्यावर गवसणी चढविण्या-उतरविण्यासाठीं फट ठेवून तीस चेन लावली. झालर लावली नाहीं. झालर काठींत अडकते.

खुर्चीला असें काढतां-घालतां येणारें वस्त्र घालण्याची चाल विलायतेंत अठराव्या शतकांत चांगलीच रुळलेली होती. तेथील श्रीमंतांच्या घरीं खुर्चीवरचें रेशीम मोलाचें. म्हणून त्यावर स्वस्त चौकड्याच्या कापडाची खोळ घालीत आणि मोठा पाहुणा यावयाचा असला म्हणजे ती काढीत. म्हणजे घरच्या माणसांनीं खोळीवर बसावयाचें आणि रेशीम पाहुण्यानें भोगावयाचें. आपल्या दिवाणखान्यांतही कांहीं निराळें चालत नाहीं. त्या लोकांना आपल्या देशच्या चिटाची इतकी भूल पडली कीं तेथील विणकरांचा धंदा बसूं लागला, आणि १७२१ सालीं पार्लमेंटनें कायदा करून छापील सुती कापड अंगावर घालण्यास तसेंच खुर्च्या-पलंगांस लावण्यास बंदी केली. आपलें चीट आणि त्यांचें ‘चिंट्झ’ हा एकच शब्द. तिकडे कायद्यानें ज्याला खुर्चीवर बसूं दिलें नाहीं तें कापड इकडे गोधडीच्या अस्तराला लागत होतें.

एकोणिसाव्या दिवशीं गवसणी पुरी झाली. मीं ती खुर्चीवर चढविली, रूळ बसविले, नाड्या बांधल्या आणि बाजूला झालों. पत्नी काठी टेकीत आली, बसली, आणि प्रथम तिनें डावा तळवा मगजीवरून मागेंपुढें फिरविला. मग तो रोंवला, अंग पुढें झुकविलें आणि उठली. पुनः बसली, पुनः उठली. असें पांच वेळां केलें. गवसणी बैठकीबरोबर खालीं गेली व वर आली. हातावरचें कापड जागचें हललें नाहीं. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतों. ती म्हणाली, “उलट बाजू दाखवा.” शिवणाऱ्याची परीक्षा सुलट बाजूवर होत नसते. नाड्या सोडून, चेन उघडून मीं गवसणी पुनः उतरविली व उलटी करून तिच्या पुढ्यांत धरली. शिवणी, काप, गांठी सारें तिनें बोटानें चांचपून पाहिलें. “ठीक आहे,” ती म्हणाली. चौतीस वर्षें अध्यापन करून मला हें माहीत आहे कीं, चांगला शिक्षक ‘उत्तम’ हा शब्द फार जपून खर्च करतो.

त्याला आतां तीन महिने झाले. ती पूर्वीप्रमाणें उठते-बसते. माझ्या वाचनाच्या वेळीं हांक येत नाहीं. काठीचा आवाज येतो, तो स्वयंपाकघरापर्यंत जातो आणि परत येतो. चिरंजीव दिवाळींत आले तेव्हां पहिल्यानें खुर्चीभोंवतीं एक फेरी घालून आले, आणि नव्या खुर्चीची गोष्ट त्यांनीं पुनः काढली नाहीं. नातीनें मात्र, “आजोबा, माझ्या दप्तराला अशी शिवाल?” म्हणून मागणी नोंदविली आहे.

गवसणी धुवावयास पडते तो दिवस तेवढा अडचणीचा. सकाळीं धुतलेलें जाड कापड संध्याकाळपर्यंत वाळत नाहीं, पावसाळ्यांत तर दोन दिवस घेतें, आणि तोंवर खुर्चीवर पुनः चादर येते. म्हणून दुसरी गवसणी पाहिजे. खाके जपून ठेवलेले आहेत. तेव्हां काम ह्या खेपेस लवकर होईल. पण आतां तिला साधें कापड नको आहे. तिला चीट पाहिजे, पांढऱ्यावर तांबडीं फुलें असलेलें, तिच्या आईच्या पलंगपोसाला होतें तसें. फुलें जुळवावयाचीं म्हणजे सव्वा मीटर कापड अधिक लागेल असा तिचा हिशेब आहे. माझ्या हिशेबानें एक मीटरांत भागतें. काल संध्याकाळपासून कागद तिच्याकडे आहे.